अजून एक

टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर रोज सकाळी जो गोंधळ सुरू व्हायचा, त्याला खालचा टायरवाला भूकंप म्हणायचा. वर वीस-पंचवीस माणसं एकदम उडी मारायची, एकदम खाली यायची आणि याच्या छताचा चुना याच्या चहात पडायचा. पहिल्याच महिन्यात तो तणतणत वर गेला. दार ढकललं तर समोर एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई, केसांचा घट्ट बुचडा, अंगावर घामानं काळा पडलेला टी-शर्ट. तिनं त्याच्याकडे बघितलं न बघितलं आणि ओरडली, "उशीर झाला! मागच्या रांगेत उभं राहा!" आपण भांडायला आलोय हे टायरवाला साफ विसरला. मागच्या रांगेत जाऊन त्यानं निमूट बैठका काढल्या, दोन दिवस जिना चढताना आई आई केलं आणि तिसऱ्या दिवशी पैसे भरून मेंबर झाला. चहावर मात्र तो तेव्हापासून बशी झाकायला लागला.

बाईला सगळे तोफ म्हणायचे. हे नाव जिमवाल्यांनी ठेवलेलं नव्हतं, ती ते घरूनच घेऊन आली होती. तिचे वडील पत्र्याची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात मोठ्या प्रेसवर कामाला होते. दिवसभर धाड धाड, धाड धाड. ती जन्मली तोवर त्यांच्या कानांनी निम्मा राजीनामा दिलेला होता. त्यामुळे त्या घरात कुजबुज हा प्रकारच नव्हता. मीठ हवं असलं तरी ओरडायचं, पास झालो तरी ओरडायचं आणि रुसायचं असलं तर तेही ओरडून, नाहीतर रुसवा फुकट जायचा. थोरला मुलगा मुखदुर्बळ, त्याला ते कधी जमलंच नाही. आईचा आवाज तर कापसाचा. धाकटीनं मात्र पाळण्यातून असा सूर लावला की दुपारी डुलकी घेत असलेले वडील ताडकन उठून बसले आणि बायकोला म्हणाले, "अगं, हिचं ऐकू आलं मला! ही तर तोफ आहे, तोफ!" त्या आनंदात त्यांनी पोरीला तासभर रडू दिलं, असं आई पुढं कितीतरी वर्षं तक्रारीच्या सुरात सांगायची.

आई गेली तेव्हा वडील भिंतीला टेकून बसले होते. ते एवढंच म्हणाले, "इतकी वर्षं माझ्याशी बोलत होती बिचारी. निम्मं मला ऐकूच आलं नाही." मग तोफेकडे वळून म्हणाले, "तुझं मात्र सगळं ऐकू येतं बाई मला." भावानं एकदा त्यांच्यासाठी कानाची मशीन आणली. ती त्यांनी दोन दिवस वापरली आणि काढून ठेवली. म्हणाले, कानात किडा वळवळतो. आणि घरात तोफ असताना मशीन हवी कशाला?

तोफेचं लग्न झालं होतं, पण ते टिकलं नाही. नवऱ्याचं म्हणणं, घरात बाई हवी होती, भोंगा नव्हे. ती परत आली, वडिलांच्या खोलीतच तिनं पलंग टाकला, आणि भावानं किंवा वहिनीनं तिला का आलीस म्हणून एका शब्दानं विचारलं नाही. वहिनी बोलायला फटकळ पण मनानं मोठी. ती म्हणाली, "बरं झालं. बाबांशी बोलून माझा घसा बसायला आला होता. आता तू सांभाळ तो विभाग."

आता तिच्या कामाचं. ज्यांनी असला वर्ग पाहिला नाही त्यांना सांगायला हवं. लांबट खोली, एका भिंतीला आरसे, खाली काळं रबर, त्याला घामाचा आणि फिनेलचा मिळून एक वास. भिंतीवर लाल आकड्यांचं घड्याळ. चाळीस सेकंद काम, वीस सेकंद दम. काम म्हणजे उड्या, बैठका, जमिनीवर पालथं पडून परत उठणं, लोखंडी गोळे उचलणं. दम म्हणजे गुडघ्यांवर हात ठेवून आपण इथं का आलो याचा विचार करणं. तो विचार पुरा व्हायच्या आत पुन्हा काम. पाऊण तास हेच. वर गाणी इतक्या मोठ्यानं लावलेली की छातीत ठोके पडतात. आणि या सगळ्याच्या वर तोफेचा आवाज. शिट्टी नाही, माईक नाही. जिमच्या मालकीणबाईंनी कानावर अडकवायचा माईक आणून दिला होता, तो खोक्यातच पडून होता. तोफ म्हणायची, "माईक लावला की माणूस आवाज कुठून येतोय ते शोधतो. मी ओरडले की तो माझ्याकडे बघतो." हे खरंही होतं. मागच्या रांगेतल्या माणसालासुद्धा वाटायचं, ही आपल्यालाच बोलतेय. आणि बऱ्याचदा ती त्यालाच बोलत असायची.

तिची खरी ख्याती मात्र एका गोष्टीसाठी होती. ती उलटं मोजायची. पाच, चार, तीन, दोन, एक. एक म्हणाली की माणसं हुश्श करून अंग सोडायला लागायची आणि नेमकं तेव्हाच ती गर्जायची, "अजून एक!" रोज. प्रत्येक फेरीला. सगळ्यांना ठाऊक असायचं, सगळे तिला लाखोली वाहायचे आणि सगळे ते एक करायचे. ती म्हणायची, आकडा संपतो तेव्हा माणूस संपलेला नसतो, ते शेवटचं एक हेच खरं, बाकीचे त्याची तयारी. कुणी कण्हलं की तिचं दुसरं वाक्य यायचं, "दुखतंय म्हणजे काम होतंय!" म्हणून ती बेफिकीर होती असं नाही. कुणाचा गुडघा वाकडा पडतोय, कुणाची कंबर खचतेय हे तिला आरशातून पाठमोरं दिसायचं. मांडी दुखली तर चालेल, सांधा दुखला तर तिथंच थांबायचं, हा फरक ती नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवायची. स्वतःच्या बाबतीत तिला तो कळला नाही, हीच तर तिची सगळी गोष्ट.

वडिलांची दृष्टी साखरेनं हळूहळू नेली. आधी पेपर गेला, मग माणसांचे चेहरे, मग उजेड. त्यानंतर एक लहानसा झटका आला. हातपाय वाचले, पण डोक्यातली घडी विस्कटली. सकाळचं जेवण दुपारी आठवायचं नाही. कधी ते कारखान्याच्या वेळेला उठून डबा मागायचे. मुलगा जवळ आला तर "कोण?" सून जवळ आली तर "कोण?" हाताला हात लावून बघायचे, पण हातावरून काही उलगडायचं नाही. फक्त संध्याकाळी दारातून हाक यायची, "बाबा! मी आले!" आणि त्यांचा चेहरा असा उजळायचा की वहिनी म्हणायची, बघा, यांचा दिवस आत्ता उगवला. "आली का तोफ!" ते म्हणायचे. त्या एका आवाजाबरोबर घर, खोली, बायको गेलेली आहे हे, आपण म्हातारे झालोय हे, सगळं त्यांच्यात जागेवर येऊन बसायचं. मग ती त्यांना खुर्चीतून उठायला आणि बसायला लावायची. "पाच! चार! तीन!" ते उठत बसत मोजायचे. "एक!" झालं की ते मुद्दाम गुपचूप बसून राहायचे. "अजून एक!" ती कानाशी गर्जायची. "मेलीला दया नाही," ते म्हणायचे आणि हसत हसत ते शेवटचं एक करायचे. शेजारच्या घरातल्या पोरी खिडकीतून ते ऐकून फिदीफिदी हसायच्या.

तोफेचा घसा पहिल्यांदा बसला तेव्हा तिनं कोमट पाणी प्यायलं. दुसऱ्यांदा बसला तेव्हा मध चाटला. मग तो असा बसायला लागला की सकाळी उठल्यावर पहिला तासभर नुसती खरखर. वरच्या पट्टीत आवाज मधेच तुटायचा, जसा काही कुणी तारेला चिमटा काढलाय. बँकेत काम करणारी एक मेंबर बाई म्हणाली, "ताई, दाखवून घ्या एकदा." तोफेनं काय केलं असेल? तिनं घशाला व्यायाम लावला. घसा काय, स्नायूच की, ताण दिला की तयार होतो, असं तिचं साधं गणित. वर्ग सुटल्यावर रिकाम्या खोलीत, आरशासमोर उभी राहून ती मोठ्यानं आकडे ओरडायची. चाळीस सेकंद ओरडणं, वीस सेकंद दम. घसा चरचरायला लागला की स्वतःला म्हणायची, दुखतंय म्हणजे काम होतंय. खालून टायरवाल्यानं एकदा हाक मारून विचारलं, "तोफताई, एकट्याच कुणाला झापताय?" ती हसली आणि पुढं ओरडत राहिली. असली चूक दुसऱ्या कुणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

शेवटी एके दिवशी थुंकीत रक्ताची तार दिसली, तेव्हा ती गेली. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक नळी घातली आणि समोरच्या पडद्यावर तिला तिचेच स्वरतंतू दाखवले. दोन पांढऱ्या पट्ट्या, काठांवर गाठी, एका बाजूला लाल डाग.

"काम काय करता?"

"ओरडते," तोफ म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "हे बघा, अजून हातात आहे. पण आता बोलणं बंद. दोन महिने पूर्ण मौन. कुजबुजसुद्धा नाही, कुजबुजीनं जास्त ताण येतो. नाहीतर हा डाग फुटेल, मग ऑपरेशन. आणि ऑपरेशननंतर जो आवाज येईल तो तुमचाच असेल असं मी लिहून देणार नाही."

"आणि रोज थोडं थोडं बोलले तर? संध्याकाळी दोन वाक्यं?"

"कुणाशी?"

"वडिलांशी. त्यांना दिसत नाही. ते मला आवाजावरून ओळखतात."

डॉक्टरीणबाईंनी नळी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "म्हणूनच सांगते. दोन महिने त्यांना कळ काढू द्या. नाहीतर कायमची काढावी लागेल."

त्या दिवसापासून तोफ मुकी झाली. वर्ग मालकीणबाईंनी स्वतः घ्यायला सुरुवात केली. तोफ टाळ्या वाजवून आणि बोटं दाखवून मदत करायची. घरी वहिनीनं सासऱ्यांच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं, "बाबा, तोफ बाहेरगावी गेलीय! शिकवायला! दोन महिन्यांनी येणार!"

"मला न सांगता?"

"सांगून गेली बाबा! तुम्ही विसरलात!"

"असेल," ते म्हणाले. "विसरतो मी हल्ली."

आणि तोफ समोर बसलेली होती. रोज संध्याकाळी ती नेहमीच्या वेळेला येऊन त्यांच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर बसायची. ते दाराच्या दिशेनं तोंड करून असायचे. थोड्या थोड्या वेळानं विचारायचे, "आली का?" ती त्यांचा हात हातात घ्यायची. ते हात थोडा वेळ राहू द्यायचे, मग अनोळखी माणसाचा हात सोडवावा तसा हळूच सोडवून घ्यायचे. "कोण आहे?" विचारायचे. वहिनी स्वयंपाकघरातून ओरडायची, "मीच आहे बाबा!" एकदा तर ते चक्क रडायला लागले. तोफ मेली आणि तुम्ही मला सांगत नाही, म्हणाले. तेव्हा ती उठून मोरीत गेली, नळ सोडला आणि तोंडात टॉवेल कोंबून उभी राहिली. एक शब्द बोलली असती तर त्यांचं रडणं थांबलं असतं. ती बोलली नाही. हे तिनं आयुष्यात उचललेलं सगळ्यांत जड वजन होतं, आणि ते तिनं उचललं. वहिनीनं पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "थोडे दिवस राहिलेत गं. निभाव."

खरंच थोडे दिवस राहिले होते. नळी घालून पाहिलं तेव्हा गाठी बसत चालल्या होत्या, डाग फिका झाला होता. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच हसल्या.

आणि मग तो मैदानावरचा वर्ग आला. मालकीणबाईंनी तो वर्षभर आधी ठरवलेला होता. उघड्या मैदानावर शेकडो माणसं, एकच वर्ग, सगळ्या शाखांचे मेंबर आणि त्यांचे मित्र. पत्रकांवर तोफेचाच फोटो होता. तोफेनं मंचावर नुसतं उभं राहून करून दाखवायचं, बोलायचं मालकीणबाईंनी, माईकवर, असं ठरलं. मालकीणबाई वाईट बाई नव्हत्या. त्यांनी दहादा विचारलं, "नक्की ना? नाहीतर रद्द करते." तोफेनं पाटीवर लिहिलं, "मला फक्त उड्या मारायच्या आहेत."

सुरुवात झकास झाली. मालकीणबाई मोजत होत्या, तोफ करून दाखवत होती, समोर माणसांच्या रांगाच रांगा, एकदम खाली, एकदम वर. शेवटची फेरी सुरू झाली. सगळे हात टेकून, अंग ताठ धरून, जोर काढायला पालथे. आणि माईक गेला. गाणंही गेलं. वायर निघाली की वीज गेली, कुणास ठाऊक. मैदान एकदम गप्प झालं. मालकीणबाई ओरडत होत्या, पण त्यांचा आवाज दुसऱ्या रांगेतच विरत होता. मागच्या रांगा ढेपाळायला लागल्या. कुणी गुडघे टेकले, कुणी उठून मोबाईल काढला. तोफेनं टाळ्या वाजवल्या. मोकळ्या मैदानात दोन हातांच्या टाळ्या त्या किती ऐकू जाणार? तिच्या समोर तिच्या वर्गातली माणसं होती, टायरवाला होता, बँकेतली बाई होती. घाम नाकावरून टपकत होता, दंड थरथरत होते आणि ते सगळे मान वर करून तिच्याकडे बघत होते. वर्ग मधेच कधी सोडायचा नाही, हे तिनंच त्यांना शिकवलेलं.

तिनं विचार केला असेल का? ती पुढं वहिनीला लिहून म्हणाली, केला, चांगला केला. मनात आलं, घसा आता बरा आहे, एवढी फेरी निघेल. एकच तर फेरी.

"पाच!" तोफ कडाडली.

मैदानाच्या पार टोकापर्यंत तो आवाज गेला. बसलेली माणसं पुन्हा हातांवर आली. कुणीतरी आनंदानं आरोळी ठोकली. "चार! तीन! दोन! एक!" सगळ्या मैदानानं मान वर केली. नवख्यांना ठाऊक नव्हतं, पण तिची माणसं वाट बघत होती. तिथं ती थांबली असती तरी चाललं असतं. कदाचित तिथवर निभावलंही असतं. पण सवय सोडते होय कुणाला?

"अजून एक!"

ते शेवटचं "एक" तिच्या तोंडून पुरं निघालंच नाही. घशात काहीतरी गरम फाटलं आणि नुसती हवा बाहेर आली. लोकांनी ते एक केलं, उभे राहिले आणि टाळ्या वाजवल्या, कितीतरी वेळ वाजवल्या. टायरवाला शिट्ट्या मारत होता. फक्त बँकेतल्या बाईंना दिसलं की तोफेनं तोंडावर रुमाल धरलाय आणि रुमाल लाल होतोय.

ऑपरेशन झालं. पुन्हा मौन, पुन्हा दोन महिने. मग एके दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोला, हळू बोला." तिनं तोंड उघडलं तर आतून कुणी भलतंच बोललं. खालच्या पट्टीतला, फाटका, घोगरा, मधेच हवा सुटणारा आवाज. "सुधारेल का?" त्या आवाजानं विचारलं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, ती हो की नाही ते कळण्याइतकीही जोरात हलवली नाही.

ती तशीच घरी गेली. वाटेत तिनं ठरवलं होतं, आधी दारातून हाक मारायची, रोजची. वडील खुर्चीत बसले होते. "बाबा, मी आले." त्यांना ऐकूच आलं नाही. ती जवळ गेली, त्यांच्या बऱ्या कानाशी तोंड नेलं. "बाबा, मी आले."

"कोण?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"तोफ."

ते हसले. थट्टा ओळखल्यावर म्हातारी माणसं हसतात तसं, सभ्यपणे. "नाही हो बाई," ते म्हणाले. "आमच्या तोफेचा आवाज तुम्ही ऐकला नाहीत. ऐकला असतात तर असं म्हणाला नसतात."

जन्मल्यापासून अगं-तुगं करणाऱ्या बापानं तिला अहो म्हटलं. दारात उभ्या वहिनीनं पदर तोंडाला लावला. भाऊ पुढं आला, तो मुखदुर्बळ माणूस जिवाच्या आकांतानं कानात ओरडला, "बाबा, तोफच आहे ही! तिचा घसा बिघडलाय!" वडिलांनी चाचपत तिचा चेहरा हातात घेतला, बोटं फिरवली, क्षणभर त्यांच्या कपाळावर काहीतरी आठवल्याची आठी पडली. "असं होय," ते म्हणाले. सगळ्यांना वाटलं, जिंकलो. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "त्या बाई गेल्या का? आणि तोफ कधी येणार?"

असं कितीदा तरी झालं. समजावलं की ते हो म्हणायचे, मग विसरायचे. जास्त समजावलं की चिडायचे. "आंधळा आहे म्हणून फसवता होय मला? कुणीही बाई आणून बसवता?" एकदा चिडून त्यांनी ताट लोटलं. त्यानंतर तोफेनंच भावाला सांगितलं, "पुरे आता. त्यांना त्रास होतो." मग वहिनीनं सासऱ्यांना सांगितलं की व्यायाम करून घ्यायला एक बाई लावल्यात, रोज संध्याकाळी येतील. हे त्यांना पटलं आणि लक्षातही राहिलं. नेमकं हेच लक्षात राहिलं. पोरीला विसरलेला माणूस व्यायामवाल्या बाईंना विसरला नाही. "या बाई," ते म्हणायला लागले. "बसा. पाणी घेतलंत का?"

तिनं काम सोडलं नाही. मालकीणबाईंनी तिला वयस्कर माणसांचा सकाळचा वर्ग दिला. गाणी बारीक, उड्या नाहीत. माईक आता ती निमूट लावते. त्यातून तो घोगरा आवाज सगळ्या खोलीत पसरतो आणि माणसं खरंच आवाज कुठून येतोय ते शोधतात. जुन्यांपैकी थोडे तिच्यासाठी त्या वर्गात आले. टायरवाला आला. चाळिशीतला धडधाकट माणूस, सत्तरीच्या आज्यांबरोबर हात फिरवत उभा असतो. एकदा जिन्यात तो तिला म्हणाला, "ताई, हल्ली चहात चुना पडत नाही हो. बशी उघडी ठेवतो तरी पडत नाही." आणि तोंड फिरवून भराभर खाली उतरला. त्या वर्गात ती उलटं मोजते. एकला थांबते. पुढचं ती म्हणत नाही.

वडिलांकडेही ती म्हणत नव्हती. व्यायामवाल्या बाईंनी आपलं काम करावं आणि जावं, जावं म्हणजे पडद्याआड पलीकडच्या पलंगावर जाऊन पडावं, असं चाललं होतं. पण त्या संध्याकाळी वडील चांगले होते. चेहरा ताजा, दाढी केलेली, पाय नीट टेकत होते. ती त्यांच्या कानाशी मोजत होती, ते उठत होते, बसत होते. तीन. दोन. एक. ते बसले, हुश्श केलं आणि खुर्चीत बसून राहिले. गुपचूप, जरासं हसू ओठात दाबून, पूर्वी बसायचे तसे. ती गर्जना आता येईल म्हणून वाट बघत असल्यासारखे.

इतके महिने तोफेनं आशा अशी केलीच नव्हती. तिनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं, होता नव्हता तेवढा श्वास घेतला आणि त्या फाटक्या घशातून जितक्या जोरानं निघेल तितक्या जोरानं म्हणाली, "अजून एक!"

वडिलांच्या ओठांतलं हसू गेलं. त्यांनी मान तिच्या दिशेला वळवली. चेहऱ्यावर राग नव्हता, थोडी ओशाळगत होती, पाहुण्याला नाही म्हणायची वेळ आल्यावर येते तशी.

"तेवढं नको बाई," ते म्हणाले. "ते माझ्या पोरीचं आहे. ती आली की करायला लावते. तिच्यासाठी राखून ठेवलंय."

मग ते हात पुढं करून चाचपडले, तिचं मनगट सापडलं, ते धरून तिला जवळ ओढलं आणि गुपित सांगावं तसं म्हणाले, "आणि हे बघा, ती आली की तिला सांगू नका मी आज इतक्यातच दमलो ते. ओरडेल मला."

"नाही सांगत," तोफ म्हणाली.

त्यांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी मनगट सोडलं, पाय सावरून घेतले आणि तोंड दाराकडे करून बसले.